जनरेटरखोलीमागचा धूर

शर्मिला तांबवेकर यांनी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, सांगलीच्या एका ज्युनियर कॉलेजात ते उभा जन्म शिकवलं होतं, आणि विज्ञान मंडळाच्या व्याख्यानमालेत दरवर्षी 'अंधश्रद्धा आणि आपण' या विषयावर त्या तासभर बोलत असत. त्या रोज तिन्हीसांजेला मुलीची दृष्ट काढतात, ही गोष्ट मात्र फक्त त्यांना आणि स्वयंपाकघरातल्या एका जुन्या लोखंडी तव्याला ठाऊक होती.

यात काही विसंगती आहे असं त्यांना वाटत नसे. विज्ञानावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. फक्त पोटच्या पोरीच्या बाबतीत एकाच गोष्टीवर विसंबून राहणं त्यांना धोक्याचं वाटे. घराला दुसरं कुलूप लावलं म्हणून पहिल्याचा अपमान होतो थोडाच?

दृष्ट काढायला माणसाला समोर बसावं लागतं. जुई बसली नसती. सत्तावीस वर्षांची ती मुलगी कृष्णेच्या पूर-अंदाज कक्षात कामाला होती. धरणातून किती पाणी सुटलं की सांगलीत ते किती वाजता कुठल्या पायरीवर येईल, हे सांगायचा तिला पगार मिळत असे. अशा मुलीला 'बस, मिठमिरच्या ओवाळते' म्हणणं म्हणजे आपणहून व्याख्यान ऐकायला बसणं. त्यामुळे शर्मिलाबाई तिच्या पदवीदान समारंभाच्या फोटोवरूनच ओवाळत. सुक्या मिरच्या, मोहरी, मीठ, तुरटीचा खडा, जुईच्या कंगव्यातली गुंतवळ, आणि सासूबाईंच्या माहेरची पद्धत म्हणून वेखंडाचा तुकडा. सगळं तव्यावर चांगलं पेटलं की तवा पदराने धरून त्या मागच्या जिन्याने खाली उतरत, पार्किंगच्या टोकाला जनरेटरच्या खोलीमागे सगळं ओतत, आणि शास्त्राप्रमाणे कुणाशी एक शब्द न बोलता, मागे वळून न बघता घरी येत. मागे वळून बघितलं की दृष्ट पुन्हा माणसाच्या मागे लागते म्हणतात. कोण म्हणतं, हे शर्मिलाबाईंनी कधी तपासलं नव्हतं. व्याख्यानात मात्र हा प्रश्न त्या हमखास विचारत.

हे सगळं सुरू झालं ते निनाद मोहोळकरमुळे.

निनाद जुईला बॅडमिंटनच्या हॉलवर भेटला. औषध कंपनीत चांगल्या हुद्द्यावर, बोलायला मऊ, थोरामोठ्यांच्या पाया पडणारा. त्याने विचारलं, जुई 'नाही' म्हणाली. त्याने पुन्हा विचारलं, जुईने पुन्हा आणि जरा मोठ्याने 'नाही' म्हटलं. त्यावर तो हसून म्हणाला, "मी थांबेन." तेव्हापासून तो खरोखरच थांबत होता. ऑफिससमोरच्या टपरीवर, भाजीच्या गाडीपाशी, हॉलच्या फाटकाशी. कधी एक शब्द बोलला नाही. नवनव्या नंबरांवरून फोन येत आणि त्यात फक्त कुणाचा तरी श्वास असे. आणि रोज सकाळी जुई खाली जाई तेव्हा तिच्या स्कूटरचा डावा आरसा आत वळवलेला असे. ती सीटवर बसली की तिला मागचा रस्ता दिसायचा नाही. स्वतःचा चेहरा दिसायचा.

काही फुटलं नव्हतं, काही चोरीला गेलं नव्हतं. सोसायटीच्या कॅमेऱ्यात हेल्मेट घातलेला, जर्किनवाला एक माणूस कधीमधी दिसे. पण पार्सल पोचवणारी निम्मी सांगली तशीच दिसत होती. सोसायटीचे चेअरमन पाटणे म्हणाले, "आरसाच ना? मांजर बसत असेल."

जुईचे वडील अविनाशराव यांनी आयुष्यातल्या सर्व संकटांवर जो उपाय केला तोच केला. दाराला आणखी एक कुलूप बसवलं.

*

आता इथे त्या यंत्राबद्दल सांगायला हवं.

सांगलीच्या हळदीच्या पेठेत पूर्वी असे व्यापारी असत, की पोत्यात हात घालून तळवा नाकाशी नेला की हळद कुठल्या गावची ते सांगत. ही मंडळी म्हातारी झाली आणि त्यांची मुलं पुण्याला गेली, तेव्हा इथल्याच काही तरुण इंजिनिअरांनी त्यांच्या नाकाची नक्कल करणारं यंत्र बनवलं. नखाएवढ्या चकतीवर हजारो सूक्ष्म ठिपके, प्रत्येकावर वेगळ्या रसायनाचा लेप. हवेतला रेणू येऊन चिकटला की ठिपक्यातला विद्युतप्रवाह किंचित बदलतो. एकट्या ठिपक्याला काही कळत नाही. पण कुठले ठिपके किती जागे झाले याची सगळी मिळून जी रांगोळी उमटते, ती प्रत्येक वासाची निराळी असते. यंत्र हळद उत्तम ओळखू लागलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की ते पोतं उचलणारा हमालही ओळखतंय.

त्यात चमत्कार काही नव्हता. माणसाच्या कातडीवर कोट्यवधी जिवाणू नांदत असतात, ते घाम आणि तेल खातात आणि त्यातून शेकडो उडती द्रव्यं बाहेर पडतात. अत्तर बदललं, साबण बदलला तरी त्या द्रव्यांचं आपसातलं प्रमाण फारसं बदलत नाही. जिथे हात लावाल तिथे तुमची ही सही राहते. फक्त ती कच्च्या शाईतली असते, सकाळपर्यंत उडून जाते. कुत्र्यांना हे आधीपासून माहीत होतं. त्यांना कोर्टात साक्ष देता येत नव्हती, एवढीच अडचण.

आणि पाठलागाच्या गुन्ह्यात अडचण नेमकी हीच होती. कायदा होता, पुरावा नव्हता. 'तो माझ्या मागे असतो' हे मुलीने सिद्ध करायचं आणि 'रस्ता सगळ्यांचा आहे' एवढंच त्याने म्हणायचं. नव्या कायद्याने हे यंत्र तक्रारदार बाईच्या दाराशी आणि गाडीपाशी ठेवायला परवानगी दिली. यंत्रात नाव नसे, फक्त वासाची खूण. तीच अनोळखी खूण तीन वेगवेगळ्या दिवशी बाईच्या वस्तूंवर सापडली की न्यायाधीश संशयिताच्या तळहाताचा नमुना मागवू शकत. सरकारी कागदावर यंत्राचं नाव 'घ्राणसाक्षी' होतं. लोक त्याला नाकोबा म्हणू लागले.

नाकोबा घेऊन तांबवेकरांकडे आली ती 'सोबत' केंद्रातली रुबिना मुजावर. तक्रारदार बाईबरोबर चौकीत, कोर्टात, दवाखान्यात जायचं आणि कुणी तिला 'तू तेव्हा कुठले कपडे घातले होतेस' असं विचारलं तर मध्ये पडायचं, ही तिची नोकरी. दार उघडताच ती म्हणाली, "मॅडम! ओळखलं का? बारावी ब. तुम्ही मला केमिस्ट्रीत पस्तीस दिले होते."

शर्मिलाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "रुबिना. खरं तर तू एकतीसचीच होतीस."

"म्हणून तर आजवर तुमचं नाव काढते," असं म्हणत रुबिनाने यंत्र चपलांच्या स्टँडवर ठेवलं. ते लोणच्याच्या छोट्या बरणीएवढं होतं. "रात्री स्कूटरजवळच्या खांबाला लावायचं, दिवसा इथं चार्जिंगला. जुई, आरसा कोण फिरवतंय ते तीन दिवसांत कळेल बघ."

सोसायटीत नाकोबाची वार्ता पसरली आणि एक वेगळीच पळापळ झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी जिन्यात सिगारेट ओढायचं सोडलं. वरच्या मजल्यावरच्या शाकाहारी कुटुंबाच्या घरी रविवारी येणारं एक विशिष्ट पार्सल बंद झालं. नाकोबाला या कशाशी काही देणंघेणं नाही असं रुबिनाने सभेत तीनदा समजावलं, तरी पाटण्यांनी "सोसायटीच्या खाजगी बाबींत नाक खुपसलं जाऊ नये" असा ठराव मांडला. तो एकमताने मंजूर झाला. यंत्र होतं तिथंच राहिलं.

*

पण तीन दिवसांत काही कळलं नाही. आठवड्यातही नाही. आरसा रोज फिरत होता आणि नाकोबाकडे रोज कोरी पाटी.

मग एका बुधवारी रुबिना टॅब घेऊन आली. चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं. जुई नुकतीच ऑफिसातून येऊन सोफ्यावर बसली होती. हल्ली ती पाठ भिंतीला लावूनच बसायची.

"रोज संध्याकाळी यंत्राचं नाक चोंदतंय," रुबिना म्हणाली. "पार्किंगमध्ये कसला तरी जबरदस्त धूर होतो. मग चार-पाच तास त्याला दुसरं काहीच कळत नाही. तेवढ्यात तो येऊन आरसा फिरवून जातो. मी प्रयोगशाळेकडून त्या धुराचं पृथक्करण मागवलं." तिने वाचायला सुरुवात केली. "अलाईल आयसो… थायो…"

"ॲलिल आयसोथायोसायनेट," शर्मिलाबाईंनी सवयीने दुरुस्त केलं. "मोहरीतून येतं ते."

आणि त्या एकदम गप्प झाल्या.

"हां, तेच. मग कॅप्साइसिनची जळलेली रूपं. गंधकाची द्रव्यं, म्हणजे केस किंवा नखं जाळल्यासारखी. ॲल्युमिनियमचं सल्फेट. आणि असारोन म्हणून काहीतरी."

मिरच्या, शर्मिलाबाई मनात जुळवत होत्या. गुंतवळ. तुरटी. वेखंड. त्यांच्या सासूबाईंचं अख्खं माहेर त्या टॅबवर शास्त्रीय नावांनी उभं होतं.

"लॅबवाले म्हणतात, असं मिश्रण त्यांनी कधी बघितलं नाही," रुबिना म्हणाली. "यंत्राला आंधळं करायला कुणीतरी मुद्दाम विचार करून बनवलेलं दिसतंय. केमिस्ट्री चांगली येणारा माणूस आहे हा, मॅडम."

विद्यार्थिनीकडून आलेली इतकी मनापासूनची दाद शर्मिलाबाईंना उभ्या नोकरीत मिळाली नव्हती.

"निनाद औषध कंपनीत आहे," जुई म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "म्हणजे नाकोबा कुठे लावलाय ते त्याला कळलंय. तो कसा बंद पाडायचा तेसुद्धा. आता काय उरलं?"

अविनाशराव उठून दाराचं तिसरं कुलूप लागलंय का ते बघून आले.

"शिलाँगच्या पूर-अंदाज केंद्राचं बोलावणं आहे मला," जुई म्हणाली. "सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. हो म्हणते."

"अगं, पण तूच म्हणाली होतीस, कृष्णा सोडून जाणार नाही म्हणून," शर्मिलाबाई म्हणाल्या.

"कृष्णा मला खिडकीतून बघावी लागते, आई. घाटावर जाऊन महिना झाला."

त्या वेळी सांगून टाकायला हवं होतं. वाक्य साधं होतं, 'तो धूर माझा आहे.' विद्यार्थ्यांनी असं सोपं उत्तर लिहायचं टाळलं की शर्मिलाबाई चिडत. पण समोर रुबिना होती, भिंतीवर विज्ञान मंडळाचं मानपत्र होतं, आणि त्या नुसत्या म्हणाल्या, "चहा टाकते."

रुबिनाने त्या धुराची खूण यंत्रात चढवली, 'पाळत ठेवणाऱ्याने जाळलेला पदार्थ' अशा नावाने. "हा वास अंगावर घेऊन कुणी दाराशी आलं की पिवळा दिवा लागेल."

त्या रात्री घरातल्या बाकीच्यांना कळलं नाही, पण शर्मिलाबाईंनी सहा साड्या, दोन गाऊन आणि एक तवा सोड्यात भिजत घातला. दुसऱ्या दिवसापासून दृष्ट बंद. चपलांच्या स्टँडवरून जाताना त्या श्वास रोखून जात. धूर थांबला म्हणजे प्रश्न सुटला, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. नेमका त्या दिवसांत आरसाही कुणी फिरवला नाही, त्यामुळे नाकोबाची पाटी कोरीच राहिली. पण घरात धूर नव्हता तरी जुई त्यातच वावरत होती. ती बाल्कनीत जाईना, पडदे सरकवू देईना, रात्री दिवा विझवू देईना. खोलीत बॅग उघडून ठेवली होती आणि त्यात लोकरीचे कपडे एकेक करून पडत होते. उद्या सांगू, शर्मिलाबाई म्हणत. गुरुवारी म्हणाल्या, शुक्रवारी म्हणाल्या. आपल्या प्रेमाने पोरीला जेवढं घाबरवलं तेवढं त्या निनादलाही जमलं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. कळणं आणि बोलणं यांच्यामध्ये ते मानपत्र लटकत होतं.

*

रविवारी सकाळी पाटणे आले. मागे तिघंजण. निनादचे वडील, निनादची आई, आणि हातात हेल्मेट धरलेला खुद्द निनाद. आईच्या हातात पेढ्यांचा पुडा.

"घाबरायचं कारण नाही," पाटणे दारातूनच म्हणाले. "घरगुती बोलणं आहे. कोर्टकचेऱ्या कशाला? चार माणसं बसली की मिटतं."

आपल्याकडे दारात पेढे घेऊन आलेल्या माणसाला 'चालते व्हा' म्हणायची पद्धत नाही. कुठल्याही सासूबाईंच्या माहेरी ती नव्हती. दाराला तीन कुलपं लावणाऱ्या अविनाशरावांनी तिन्ही उघडून "या, या" म्हटलं. निनादने बूट काढले, हेल्मेट चपलांच्या स्टँडवर ठेवलं आणि वाकून शर्मिलाबाईंच्या पाया पडला.

नाकोबाचा पिवळा दिवा लागला.

शर्मिलाबाई आधी दचकल्या त्या स्वतःसाठीच. कुठली साडी राहिली धुवायची? मग त्यांनी नीट पाहिलं. यंत्राचं तोंड हेल्मेटकडे होतं. त्यांनी काही न बोलता हेल्मेट हातभर लांब सरकवलं. दिवा गेला. परत आणलं, दिवा लागला. उभा जन्म प्रयोग करून घेतलेल्या बाई होत्या त्या. प्रयोग दोनदा केल्याशिवाय त्यांचा निष्कर्षावर विश्वास बसत नसे.

आतल्या खोलीत जुईने रुबिनाला फोन लावला होता. मग ती स्वतःच बाहेर आली आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली.

"बस की बेटा," निनादचे वडील म्हणाले. "आम्ही मोकळं बोलायला आलोय. आमच्या मुलाला तू आवडतेस. त्याची रीत चुकली असेल, आजकालच्या मुलांना कळत नाही. आम्ही स्थळ म्हणूनच आलोय असं समजा."

"मी नाही म्हटलंय," जुई म्हणाली. "दोनदा."

"मुली आधी नाहीच म्हणतात," पाटण्यांनी समजुतीने सांगितलं.

"पाटणेकाका, तुमच्या लिफ्टच्या प्रस्तावाला आम्ही नाही म्हटलं तेव्हा तुम्हाला ते एकदाच कळलं होतं."

तेवढ्यात रुबिना आली. ती जवळच राहायची, आणि रविवारी सकाळी धावत आल्यामुळे तिच्या केसांना मेंदी तशीच होती. तिने पिवळा दिवा पाहिला, हेल्मेट पाहिलं, निनादला पाहिलं.

"हे तुमचं?"

"हो. का?"

"या सोसायटीत यापूर्वी कधी आला होतात?"

"आज पहिल्यांदा," निनाद शांतपणे म्हणाला.

"मग यंत्र बंद पाडायला इथं जो पदार्थ जाळला जायचा, त्याचा धूर तुमच्या हेल्मेटच्या अस्तरात कसा?"

निनाद हसला. त्या हसण्यात पहिल्यांदाच खराखुरा निरागसपणा होता, कारण या एका बाबतीत तो खरं बोलत होता. "मी काहीही जाळलेलं नाही. शपथेवर सांगतो. सिद्ध करा. मिरच्यांचा धूर काय, कुठल्याही गल्लीत लागतो. घरोघरी दृष्ट काढतात लोक."

"बरोबर आहे," पाटणे म्हणाले. "यंत्राला काय कळतं?"

जुईने आईकडे पाहिलंसुद्धा नाही; ती तिच्या खोलीच्या दाराकडे, त्या उघड्या बॅगेकडे बघत होती. शर्मिलाबाईंना दिसलं, की आणखी मिनिटभरात ही माणसं चहा पितील, पुडा टीपॉयवर ठेवतील, 'विचार करा' म्हणून उठतील, आणि उद्या त्यांची पोरगी शिलाँगला 'हो' कळवेल.

"त्याने जाळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी जाळलंय."

अविनाशरावांच्या हातातला चहाचा ट्रे थांबला.

"दृष्ट काढते मी जुईची. दोन महिने रोज. बुधवारपर्यंत." व्याख्यानात येई तसा त्यांचा आवाज आपोआप स्पष्ट झाला. "मिरच्या घरोघरी जळतात हे खरं आहे, जरी इथे मिरच्यांचं नाव तुझ्याआधी कुणी काढलं नव्हतं. वेखंड घालणारं घर या भागात मला तरी माहीत नाही. आणि त्यात जे केस आहेत ते जुईचे आहेत. ते दुसऱ्या कुणाच्या धुरात असायचं कारण नाही. हा धूर मी रस्त्यावर केला नाही, गच्चीवर केला नाही. जनरेटरच्या खोलीमागे, जिथे कॅमेरा पोचत नाही, फक्त तिथे करत होते. अस्तरात मुरण्याइतका हा धूर हवा असेल तर माणसाला तिथेच, माझ्यापासून पाच पावलांवर उभं राहावं लागतं. एक दिवस कुणीतरी शिंकलंही होतं. मी बघितलं नाही. मागे वळून बघायचं नसतं म्हणून."

खोलीत कुणी हसलं नाही. विज्ञान मंडळाचं मानपत्र भिंतीवर होतं तिथंच राहिलं, पडलंबिडलं नाही.

"काकू, तुमचा गैरसमज—" निनादने सुरुवात केली.

"निनाद." हा आवाज त्याच्या आईचा होता. आल्यापासून ती बाई एक अक्षर बोलली नव्हती. "दोन महिने तुझ्या जर्किनला मिरचीचा वास येतोय. मी धुताना शिंकून शिंकून हैराण. विचारलं तर म्हणालास, कंपनीच्या कँटीनमध्ये फोडणी जळते."

"आई, तू गप्प बस."

"गप्पच होते," ती म्हणाली. तिने जुईकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. मग मांडीवरचा पेढ्यांचा पुडा उचलला, पदराखाली घेतला आणि पायात चपला सरकवून, कुणाची वाट न बघता जिना उतरू लागली.

रुबिनाने हेल्मेट पिशवीत घालून मोहोर लावली. पाटणे पंच म्हणून सही करायला तयार नव्हते. "पुढच्या सर्वसाधारण सभेत मी हा किस्सा स्वतः सांगेन," असं रुबिना म्हणाल्यावर त्यांनी केली.

*

सगळे गेल्यावर जुई आईसमोर येऊन उभी राहिली.

"चार दिवस, आई. चार दिवस मला वाटत होतं की त्याला आपल्या घरातलं सगळं कळतंय. मी आंघोळीला जातानासुद्धा खिडकीला टॉवेल लावत होते."

"हो."

"आणि तू तिथं बसून ॲलिल आयसोथायोसायनेटचा उच्चार सुधारत होतीस."

"हो."

"का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"माझ्या भीतीपेक्षा जास्त?"

या प्रश्नाला शर्मिलाबाईंकडे उत्तर नव्हतं, आणि नसलेलं उत्तर लिहू नये हे त्यांनीच पोरांना शिकवलं होतं. जुई आत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं, असं शर्मिलाबाईंना वाटलं.

सोमवारी सकाळी रुबिनासह तिघी कोर्टात गेल्या. वाटेत बिनचालकाची रिक्षा ठरवली, तर तिने 'त्या बाजूला परतीचं भाडं मिळत नाही' असा संदेश दाखवून नकार दिला. म्हणजे यंत्रं झपाट्याने शिकत होती. न्यायाधीशबाई तरुण होत्या. त्यांनी हेल्मेटचा अहवाल वाचला, मग शर्मिलाबाईंचा जबाब वाचला, मग तोच पुन्हा वाचला.

"आपण रसायनशास्त्र शिकवता?"

"हो."

"आणि दृष्ट काढता?"

"हो. दोन्ही शपथेवर सांगते."

न्यायाधीशबाईंनी मान खाली घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं. त्यांचे खांदे किंचित हलत होते. वर पाहिलं तेव्हा चेहरा पूर्ण न्यायालयीन होता. तीन दिवसांच्या खुणा त्या धुरामुळेच मिळाल्या नव्हत्या, म्हणून हेल्मेटच्या आधारे निनादच्या तळहाताचा नमुना घ्यायचा, आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्याने जुईचं घर, ऑफिस, हॉल आणि घाट या कशाच्याही आसपास फिरकायचं नाही, असा हुकूम झाला. 'घाट' हा शब्द जुईने स्वतः सांगून घालून घेतला. न्यायाधीशबाईंनी "का?" असं विचारलं नाही.

घरी आल्यावर जुईने उभ्याउभ्याच दोन ओळी टाइप केल्या.

"शिलाँगला नाही म्हणून कळवलं," ती म्हणाली. कुणाकडे बघून म्हणाली ते नक्की कळलं नाही.

शर्मिलाबाईंच्या मनात एकदम खूप काही आलं. शिरा करावा, मावशीला फोन करावा, तिच्या डोक्याला तेल लावावं. त्यांनी दोन्ही हात एकमेकांत अडकवून घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "मी काय करू?"

जुईने विचार केला. खरोखरच केला; पाण्याची पातळी वाचताना करायची तसा.

"मला झोपायचंय. कुणाचाही फोन आला, कुणीही आलं, तरी उठवू नको. मी उठेन तेव्हा उठेन. जमेल?"

"जमेल."

"आणि मी अजून चिडलेली आहे."

"ते असू दे."

जुई आत गेली. तिने दिवा विझवला. शर्मिलाबाईंनी बैठकीतली प्लास्टिकची खुर्ची ओढत नेली, दार उघडं ठेवून उंबऱ्यात मांडली आणि तिच्यावर बसल्या. सगळे फोन मांडीवर घेतले. पहिला मावशीचा आला. शर्मिलाबाई कुजबुजल्या, "झोपलीय," आणि ठेवला. मग पुण्याच्या आत्याचा. मग विज्ञान मंडळाच्या सचिवांचा. ते फार दुःखी आवाजात म्हणाले, "बाई, पंचक्रोशीत बोललं जातंय. यंदाच्या व्याख्यानाचं काय करायचं?" "विषय तोच ठेवा," बाई पुटपुटल्या. "यंदा मला जास्त माहिती आहे."

दुपारी तीनच्या सुमाराला पाटणे जिना चढून आले. काखेत फाइल होती.

"जुई आहे का?"

"झोपलीय."

"आत्ता? दिवसाढवळ्या?"

"हो."

"नाही, मोहोळकरांचं म्हणणं होतं, मुलाच्या करिअरचा प्रश्न आहे, तक्रार जर मागे घेता आली… फक्त दोन मिनिटं. उठवा ना जरा."

"नाही."

"मग कधी उठेल?"

"तिला वाटेल तेव्हा."

"बरं, संध्याकाळी येतो."

"या. मी याच खुर्चीवर असेन."

पाटण्यांनी फाइल दुसऱ्या काखेत घेतली आणि नियमांवर काहीतरी बोलायला घसा खाकरला. तेवढ्यात आतून आवाज आला. बारीकसा, पण स्पष्ट. आधी शिट्टीसारखा, मग खर्जात उतरणारा. जुई घोरत होती. वडिलांवर गेलेलं ते घोरणं या घरात दोन महिने कुणी ऐकलं नव्हतं.

शर्मिलाबाईंचा चेहरा असा झाला, की पाटण्यांनी खाकरलेला घसा तसाच गिळला. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. चेअरमननी एकदा बाईंकडे, एकदा आतल्या अंधाराकडे पाहिलं. मग त्यांनी वाकून पायांतल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि चवड्यांवर, एकेक पायरी चाचपत, खाली निघाले.